डोंगरातली जीप हायवेवर

गुरांच्या डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि दवाखान्याच्या आवारात गंजत पडलेली जुनी जीप लिलावात घेऊन घरी आल्या. निम्मी नोकरी त्यांनी याच जीपमध्ये काढली होती. वरच्या वस्तीत गाय अडली की रस्ता असो नसो, बाई जीप घालायच्या. ओढ्याचं पाणी पायाशी आलं तरी ती बंद पडायची नाही. लेक म्हणाली, "आई, लोक निवृत्तीनंतर आरामखुर्ची आणतात. तू हे धूड आणलंस!" बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. ते दारात उभं राहून जीपकडे बघत म्हणाले, "सवत फक्त बायकांनाच येते असं ऐकून होतो."

पुढे त्या सवतीशिवाय मास्तरांचं पान हलेना. अंघोळीहून येताना ते साधे घसरले आणि खुबा मोडला. एवढ्याशा पडण्यानं मोडला कसा, म्हणून तपासण्या झाल्या आणि हाडातच रोग निघाला. ऑपरेशन झालं, पण पाय खुब्यात वाकायचा थांबला तो थांबलाच. दर आठवड्याला शहरातल्या इस्पितळात सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. लेकीची गाडी होती, पण ती ठेंगणी. आत शिरायचं तर पाय दुमडायला हवा, आणि तो दुमडत नव्हता. एकदा रुग्णवाहिका बोलावून पाहिली. मास्तर आडवे पडून छताकडे बघत गेले, तसेच बघत आले. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "अगं, पुन्हा असं नेऊ नकोस. मी मेल्यावर न्यायचंच आहे."

राहिली जीप. तिची सीट उंच, बाजू उघडी. मास्तरांनी पाठ लावून टेकायचं, बाईंनी पाय धरून अलगद आत वळवायचा, की झालं. पण शहराचा रस्ता म्हणजे सगळा हायवे, आणि तिथं जीपची गाठ वेगाशी होती. पन्नाशीपर्यंत ती गुणाची. त्यापुढे इंजिन केकाटायला लागायचं, साठीला स्टिअरिंग असं थडथडायचं की बाईंचे हात कोपरापर्यंत बधिर व्हायचे. चाकांवरच्या लोखंडी कमानीचे पाटे दगडासारखे ताठ. पुलाच्या प्रत्येक सांध्याला मास्तर सीटवरून उचलले जायचे आणि दात आवळून म्हणायचे, "जरा लागतंय." हळू चालवावं तर मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे.

बाईंनी जीप चौकातल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं तिला वर्षानुवर्षं सांभाळलेलं. तो खालून वाकून बघत म्हणाला, "बाई, ही चढायला केलीय, पळायला नाही."

"मग पळायला लावा."

"म्हातारपणी?"

"मिस्त्री, मी विचारायला नाही आले. सांगायला आले."

आधी टायर बदलले. चिखलाचे दातेरी टायर काढून रस्त्याचे सपाट घातले. टायरांची गुणगुण कमी झाली. मग स्टिअरिंगचे झिजलेले सांधे नवे आले, चाकं तोलून घेतली, आणि थडथड साठीवरून सत्तरीवर सरकली. बाईंना केवढा आनंद झाला! पुढच्या फेरीत त्या सारख्या विचारत होत्या, "अहो, आता कसं वाटतंय?"

"बरंच बरं," मास्तर म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "दणके मात्र बसतात हं."

मग दणक्यांच्या मागे लागल्या. पाट्यांतला एकेक पाटा काढला, नवे शॉकअॅब्सॉर्बर लावले. दणके कमी झाले, पण आता गाडी वळणावर होडीसारखी डुलायला लागली आणि मास्तरांना मळमळ सुटली. एक पाटा परत घातला. राहिलं इंजिनाचं केकाटणं. त्यासाठी मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरचे, दात बदलायचे तर पुढचेही बदलावे लागणार होते. मिस्त्रीनं पाय धरायचे बाकी ठेवले. "बाई, इंजिन शांत होईल, पण डोंगर चढायची नाही ही पुन्हा. तिची जातच जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. गॅरेजच्या दाराशी त्या थोडा वेळ पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि मग रिक्षा करून घरी गेल्या.

जीपच्या तळाला रबर आणि लोकरीचा जाड नमदा अंथरला. ताडपत्रीची दारं शिवून घेतली, म्हणजे वारा कानात शिरायला नको. भंगारातून जुन्या लक्झरी बसची मागे रेलणारी सीट आणली. घरात तोच एक विषय. लेकीचा फोन आला की बाई बाबांच्या रक्ताचे रिपोर्ट दोन वाक्यांत उरकायच्या आणि सीटखालच्या स्प्रिंगांवर बोलत राहायच्या. लेक एकदा चिडली, "आई, मी बाबांबद्दल विचारतेय!" बाई म्हणाल्या, "मी त्यांच्याबद्दलच सांगतेय."

सीट बसली त्या दिवशी सकाळी बाईंनी मास्तरांना अंगणात आणलं. नुसतं बसून बघायचं, मग उंची कमीजास्त करायची, असा बेत. जीप सावलीत उभी, इंजिन बंद. मास्तर टेकले, बाईंनी पाय आत वळवला, पाठीला उशी दिली. "छान आहे," मास्तर म्हणाले. "राजासारखं वाटतंय."

बाई पाना घेऊन सीटखाली वाकल्या. वर बघितलं तर मास्तरांचे डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, आणि एका हातानं समोरची दांडी धरलेली. धरली होती ती अगदी पुलाच्या सांध्यावर धरायचे तशी.

बाईंनी पाना खाली ठेवला. आयुष्यभर मुक्या जनावरांचं दुखणं त्यांनी डोळ्यांवरून ओळखलं होतं. हे दुखणं मात्र त्यांनी जीपच्या नावावर टाकलं होतं.

"गाडी तर उभी आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. चोरी पकडल्यासारखं हसले.

"पहिल्यापासून असंच दुखतंय?"

"रस्त्यानं थोडं वाढायचं. अगदीच खोटं नाही बोललो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतंस? जीपचं काहीतरी करता येत होतं. तू गॅरेजमधून यायचीस तेव्हा तुझ्या तोंडावर जरा रंग असायचा."

बाईंना राग आला. त्या घरात निघून गेल्या, स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, आणि मास्तर एकटे उतरू शकत नाहीत हे लक्षात येताच धावत परत आल्या. पाय बाहेर वळवायला त्यांनी हात पुढे केले. एवढ्या अडलेल्या गायी सोडवल्या त्या हातांनी, पण आता पाय कुठं धरावा ते त्यांना कळेना.

पुढच्या फेरीला जीप खरंच सुरेख चालली. पण इस्पितळातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. औषधाचा उपयोग होत नाही, आता इतक्या लांब येण्याचा त्रास घेऊ नका, दुखणं कमी करायचं औषध घरीच द्या. बाईंनी विचारलं, "दुसरं काही?" डॉक्टर नुसते मान हलवत राहिले. बाईंनी स्वतः किती लोकांच्या गोठ्यात अशीच मान हलवली होती.

दुखण्याचं ते कडक औषध गावात मिळायचं नाही. ते आणायला बाई एकट्या शहरात जायला लागल्या. लेक येऊन तेवढा वेळ वडिलांपाशी बसायची. वेगाचा काटा सत्तरवर, मग ऐंशीवर. स्टिअरिंग शांत, इंजिन शांत, ताडपत्रीची दारं वारा अडवून धरायची. शेजारची रेललेली सीट रिकामी. पहिल्यांदा ऐंशी गाठली तेव्हा बाईंनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या. मागून येणारा एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं बाई, बंद पडली का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "चांगली चालतेय."

घरी आल्या तर मास्तर जागेच होते. "किती वेगानं आलीस?"

"ऐंशी."

"आणि थडथड?"

"नाही."

"मिस्त्रीला सांग, मास्तरांनी शाबासकी दिलीय," ते म्हणाले, आणि मग त्यांना बोलवेना.

औषध दिलं. ते लागू पडायला वेळ लागायचा, आणि हल्ली पूर्ण लागू पडायचंही नाही. बाईंनी खुब्याखालची उशी जराशी डावीकडे सरकवली. "बरं वाटतंय?" मास्तरांनी मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही. बाईंनी उशी परत उजवीकडे घेतली.