पानी किती?

दिवाळे गावच्या गोटीराम कोळ्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, सदूचं, दोन वर्षं बोलणं नव्हतं. म्हणजे घरात नव्हतं. एका चुलीवरचं खायचे, एका छपराखाली झोपायचे. पण शेत देऊन टाकायच्या कागदावर सदूनं न विचारता अंगठा दिला, त्या दिवसापासून दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. हट्टाच्या बाबतीत दोघेही एकाच बापाचे.

होडीवर मात्र बोलावंच लागे. शिडाच्या होडीला माणसं दोन लागतात. मागं सुकाणावर गोटीराम, पुढच्या टोकाला, नाळेवर, बांबू घेऊन सदू. खाडीत जागोजाग चिखल. मागून विचारायचं, "पानी किती?" पुढून बांबू टाकून उत्तर यायचं, "दोन हात." पाणी फारच कमी झालं की सदू ओरडे, "सुकती हाय. थांब जरा." मग गोटीराम शीड ढिलं सोडी. बोलणं एवढंच, पण दिवसातून शंभरदा. गावाला वाटे, काय हे वैर! गोटीरामला त्या शंभर वेळांवर दिवस ढकलता येत होता.

ऐंशी साली सदूला तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. होडी दोन महिने काठाला पडून राहिली. अखेर उरणजवळच्या मोरा बंदरातल्या किसननं ती विकत मागितली आणि गोटीराम हो म्हणाला. पोचवायच्या आदल्या संध्याकाळी तो पडवीतल्या खांबाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "उद्या पहाटं भरतीला निघनार. शेवटची खेप." खांबानं ऐकलं. सदूनंही ऐकलं असणार, तो काही बहिरा नव्हता.

पहाटे गोटीरामनं दोर सोडायला उगाच वेळ लावला. पाणी उतरायला लागलं तरी कोणी आलं नाही. मग निघाला.

जमिनीकडून सुटणारा मतलई वारा चांगला होता. शीड भरलं, गाव मागं पडलं. न्हावा गावाच्या अंगाला पाणी गढूळ दिसलं आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "पानी किती?" नाळेवर नुसता बांबू आडवा पडला होता. उत्तराची वाट बघण्यात सुकाण वळवायचं राहिलं आणि होडी चिखलात बसली. चाळीस वर्षं खाडीत काढलेला माणूस, भर उजेडात फसला!

नऊ वाजले असतील. पाणी पुरतं उतरून परत चढायचं म्हणजे दुपार. चहूकडे चिखल आणि त्यात चारदोन बगळे. गोटीरामनं भाकरी सोडली, निम्मी सदूसाठी बाजूला ठेवली, मग स्वतःवरच चिडून तीही खाल्ली. लाज वाटायचा प्रश्न नव्हता, बघायला होतं कोण? पण एकटं वाटत होतं. बायको गेली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा नाळेवर सदू होता.

तिसऱ्या प्रहरी होडी तरली. मोऱ्याला पोचेपर्यंत दिवस कलला. किसननं होडीवरून हात फिरवला. "आता इंजिन बसवतो. मंग एकटा मानूस बस हाय."

"असल," गोटीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तो घरी आला. सदूला सुट्टी होती. सदूच्या बायकोनं, पुतळानं, दोघांना वाढलं. नेहमीसारखी दोघांची तोंडं दोन दिशांना. गोटीरामनं घास उचलला. आता मरेपर्यंत असंच जेवायचं, हे त्याच्या मनात आलं आणि तो घाबरला. भिंतीकडे बघतच त्यानं विचारलं,

"पानी किती?"

"हंडा भरलेला हाय, दादा," म्हणत पुतळा तांब्या घ्यायला उठली.

सदूचा हात ताटात थांबला. मग मान खाली घालूनच तो भात कालवू लागला.

"सुकती हाय," तो म्हणाला. "थांब जरा."