एलिजाची पट्टी

एलिजा रोह्याचा, बेने इस्रायल. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. एलिजाही शनिवारी कामावर येत नसे. धाटावच्या आमच्या कंपनीत तो प्रयोगशाळेत मदतनीस, मी वेल्डर.

त्याचं काम असं. कंपनीतल्या ॲसिडच्या टाकीच्याच स्टीलची बोटभर पट्टी तोलायची, दोऱ्याला बांधून त्याच ॲसिडात सोडायची. काही आठवड्यांनी काढून दात घासावेत तशी घासायची, वाळवायची, पुन्हा तोलायची. वजन किती घटलं त्यावरून टाकी कधी झिजेल ते सांगायचं. त्याला खुर्ची होती, पंखा होता. साहेब स्वतः त्याच्याकडे येत.

ती टाकी मी आतून वेल्ड केली होती, मे महिन्यात, गुडघ्यांवर. मला विचारायला कोणी आलं नाही.

टाकीत तीव्र गंधकाम्ल असे. पुढे नव्या मालासाठी पाणी घातलेलं भरू लागले. पाणी घातलं की ॲसिड नरम, असं आम्ही सगळेच धरून होतो. एलिजाने दोन्हींत पट्ट्या सोडल्या. तीव्र ॲसिडातली चकचकीत राहिली. पाणी घातलेल्यातली काळवंडली, हलकी झाली.

"काय म्हनते तुझी पट्टी?" मी कॅन्टीनमध्ये विचारलं.

"तुझी टाकी वरीस काढायची नाय, मोरू."

"माझी टाकी तुझ्या पोरांची लग्नं बघंल!"

"पोरं इस्रायलला हायत. एवढ्या लांबचं दिसंल का तिला?"

सगळे हसले. मी ताट उचललं. घरीही जेवण जाईना.

"जेवा," माझी बायको हौसा म्हणाली. "त्या एलिजावर जळून पोट भरनार हाय काय?"

दिवाळीच्या सफाईला टाकी रिकामी झाली. पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र लावलं. पट्टी खोटी पडावी, एवढंच मला हवं होतं. जाडी एलिजाने सांगितली तेवढीच निघाली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि टाकी मोडायला सांगितली.

मोडायला मीच गेलो. दुसऱ्याला ग्राइंडर दिला नाही. एलिजा आला, वाकून सांध्यांवरून बोट फिरवलं.

"पत्रा खाल्लाय, पन तुझा सांधा कुठं सुटला नाय. असलं काम मी बघितलं नाय."

"साहेबांना सांगितलंस?"

"त्यांनी पत्र्याचंच विचारलं."

आता दोघेही निवृत्त आहोत. रोह्याला गेलो की त्याच्याकडे चहा घेतो. फ्लोरावहिनी चहा चांगला करतात. पण न विचारताही त्याला ते साहेबांसमोर बोलता आलं असतं.