ते जावेनं सांगितलं नव्हतं

तिचं गुपित मी फोडलं. चांगल्या हेतूनं फोडलं, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत होतो. हेतू चांगला होता हे खरंच आहे. पण मी गप्प राहायचं कबूल केलं होतं आणि राहिलो नाही, हेही तितकंच खरं आहे.

रसायनीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे, कायम नोकरीत. ती पॅकिंगला होती, ठेकेदाराकडे. मोहोपाड्याजवळच्या गावातली, दोन मुलींची आई. तिची थोरली जाऊही तिथंच कामाला, दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. ठेकेदाराच्या बायकांचा गेटपास महिन्याच्या महिन्याला नवा निघतो. पहिल्या तारखेला वॉचमनच्या खिडकीत आपला पास असला तर काम आहे. कुणाला काढलं असं कधी होत नाही, नुसता पास येत नाही.

आमच्या चर्चचा एक गट आहे, सामाजिक न्याय आणि जीवनरक्षणाचा. डोंगराखालच्या वाड्यांवर आम्ही औषधांचा कॅम्प लावतो, कामगारांना त्यांचे हक्क समजावतो, अडलेल्या गरोदर बायकांना मदत करतो. कॅम्पमुळे ती मला ओळखत होती. म्हणूनच एका दुपारी हातमोजे मागायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊ, पनवेलला कुठला दवाखाना बरा? मला खाली करायचंय."

मी विचारलं, "मूल नको आहे का?"

"नको कशाला असंल? पोट दिसलं का पास जातोय. मागं दोघींचा गेला. मग दोन पोरींना काय घालू?"

मी लगेच म्हणालो, "पास जाणार नाही. ती जबाबदारी माझी."

इतक्या सहज म्हणालो. बाळंतपणाची भरपगारी रजा हा कायद्यानं हक्क आहे, तेवढे कामाचे दिवस भरले की झालं, हेही समजावलं. चार दिवसांनी ती पुन्हा आली. "ठेवते. पण रजेपुरते कामाचे दिवस भरंपर्यंत कुणाला बोलू नका. घरात नवऱ्याला न् जावंला ठाव हाय. भाईरचे तुमी एकलेच."

आता ठेकेदाराबद्दल. तो आमच्याच गटातला. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आम्ही एकाच बाकावर बसायचो. वर्षातून एकदा आमच्या गटाची मिरवणूक निघते, तिचा 'प्रत्येक जीव देवाची देणगी' हा बॅनर त्यानंच करून दिला होता. एका बाजूचा बांबू तो धरायचा, दुसऱ्या बाजूचा मी. सख्ख्या भावाला सांगणार नाही अशा गोष्टी मी त्याला सांगितल्या आहेत. पॅकिंगला पावडर उडते, ड्रम ढकलावे लागतात. तिला ते करताना पाहून माझा जीव खालीवर व्हायचा. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात चहा पिताना मी त्याला सांगून टाकलं. तिला लेबलं लावायला बसव, एवढंच मागितलं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, सांगायला कशाला पाहिजे? आपलंच काम आहे हे."

पहिल्या तारखेला तिचा पास आला नाही. मी आत शिरलो तेव्हा ती डबा हातात घेऊन खिडकीशी उभी होती आणि वॉचमन म्हणत होता, "नाव नाय गं बाय, किती वेळा बगू?"

मी ठेकेदाराला गाठलं. तो हसला. "तूच म्हणालास ना, जड काम नको? घे, आता हलकंपण नको. आराम करू दे तिला." मग हसू आवरून म्हणाला, "गरोदर बाई आत पडली तर कंपनी माझी मान धरेल, तुझ्या फादरची नाही."

गटाच्या बैठकीत मी उभं राहून विषय काढला. तो समोरच बसला होता. मला वाटलं होतं, इतकी वर्षं बरोबर काम केलेली माणसं माझ्या बाजूनं उभी राहतील. एकजण म्हणाला, "हा त्याच्या धंद्याचा प्रश्न आहे." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "कॅम्पला गाडी त्याचीच असते, हे विसरू नका." मी बोलतो त्याच्याशी, असं फादर म्हणाले. बोललेही. त्यानं मान डोलावली, पास काही आला नाही. त्या दिवशी मला सगळ्यांनी एकटं पाडलं. पण खाली बसलो तो मीच. कुणी हात धरून बसवलं नव्हतं.

तिच्या घरी गेलो. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "माज्या जावंनंच पचकलं. तिचा पास बरा टिकला! लई गोड बोलायची, सटवी." भिंतीपलीकडे जाऊ भांडी घासत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच ही मोठ्यानं बोलत होती.

कप माझ्या हातात होता. मी म्हणालो, "माझे प्रयत्न चालू आहेत." आणि चहा संपवला.

त्यानंतर कित्येक महिने मी हेच वाक्य म्हणत राहिलो. दोघींचं बोलणं बंद झालं. तिला तिसरीही मुलगी झाली. दोन घरांत एकच भिंत असून जाऊ बारशाला आली नाही. त्या वर्षी मिरवणुकीत मी बांबू धरला नाही. ठेकेदारावर राग काढायला ते सोपं होतं.

ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला गेलो. ठेकेदाराचं सांगून झाल्यावर फादरांनी विचारलं, "आणि तुझं?" मग जावेचं सांगितलं. ते म्हणाले, "हे मला सांगून भागणार नाही. तिच्या घरी जा."

रविवारी दुपारी गेलो. ती ओटीवर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

"पोरीचं मला कायबी वाईट वाटत नाय," ती म्हणाली. "पण तुमी माज्या हातचा च्या पीत बसलात की वो."

मग भिंतीकडे तोंड करून तिनं हाक मारली, "ए, हिकडं ये गं जरा."

जाऊ पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आता बोला," ती मला म्हणाली. "तिला बोला."

मी जावेकडे वळलो. "ताई, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. हिनं मला गप्प राहायला सांगितलं होतं, मी राहिलो नाही. आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा, जिथं बोलायचं होतं तिथं गप्प बसलो. हिचा पास माझ्यामुळे गेला. तुमचं दोघींचं तुटलं तेही माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."