मोज्यातलं घड्याळ

गाडीकाका व्हीलचेअर लिफ्टमध्ये कधीच सरळ घालत नसत. आधी खुर्ची वळवायची, आपण पाठमोरं आत शिरायचं आणि खुर्ची मागोमाग ओढून घ्यायची. म्हणजे पेशंटचं तोंड दाराकडे राहतं. भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या आजारी माणसाला कोंडल्यासारखं होतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या मोठ्या इस्पितळात पेशंटना इकडून तिकडे नेता नेता ते त्यांचं त्यांनाच कळलं होतं. फरशीचा सांधा आला की ते आधी सांगायचे, "आता जरा धक्का बसेल हं." एक्स-रेच्या दाराशी आले की म्हणायचे, "इथे आत गार आहे, चादर नीट घ्या." कागदोपत्री त्यांचं पद काहीतरी लांबलचक होतं, पण सफाईवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना गाडीकाकाच म्हणत.

सत्तावन्नाव्या वर्षी, एका दुपारी उतारावर स्ट्रेचर चढवताना त्यांच्या छातीत कळ आली. इतरांसाठी ढकललेल्या स्ट्रेचरवर त्या दिवशी ते स्वतः आडवे झाले. ढकलणारा सहकारी घाबरून धावत सुटला. फरशीचा सांधा आला तसा दणका बसला आणि तेवढ्या कळांतही काका म्हणाले, "अरे, आधी सांगावं तरी!" हा किस्सा पुढे इस्पितळभर झाला.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवून काका तीन महिन्यांनी कामावर आले, तेव्हा डॉक्टरांनी एक अट घातली. महिनाभर स्ट्रेचरला हात लावायचा नाही. फक्त व्हीलचेअर, तीही पहिल्या मजल्यावर. मनगटाला घड्याळ बांधायचं, दिवसाला सहा हजार पावलं झाली पाहिजेत आणि आठ हजारांवर जाता कामा नये.

"महिन्याने आकडे घेऊन या, काका. सहा हजार आरामात झाली, दम लागला नाही, तर तुमच्या कागदावर सही करतो. नाहीतर बसून करायचं काम बघू."

बसून करायचं काम म्हणजे काय, हे काकांना ठाऊक होतं. तपासणीच्या खोल्यांबाहेर नंबर पुकारायची एक खिडकी होती. काचेला भोक, भोकापुढे माइक. मोठ्या सिस्टरबाईंनी तिथली खुर्चीही पुसून ठेवली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण काका त्या खिडकीसमोरून जाताना नजर दुसरीकडे वळवत. तिथे माणसाला नाव नसतं, नंबर असतो. शिवाय तो माणूस काचेच्या पलीकडे. काकांना माणूस हाताशी लागायचा. खुर्चीत बसलं की पेशंट बोलू लागतो. मागच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून असेल, पण लोक त्यांना घरच्यांना न सांगितलेलं सांगत. नोकरीची तीन वर्षं उरली होती, ती त्यांना त्या काचेमागे काढायची नव्हती.

घड्याळ लेकीने आणलं. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती. तिने ते असं जोडून दिलं की काकांची पावलं तिच्या फोनवरही दिसावीत.

पहिल्या दिवशी काका समाधानाने घरी आले. पाय छान दुखत होते. एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, दिवसभर बसून होतात का? नऊशे चाळीस पावलं!"

"बसून? अगं, सोळा पेशंट नेले मी आज!"

"मग घड्याळ काढून ठेवलं असेल."

"आंघोळीपुरतंही काढलेलं नाही."

"बाबा, कामावर सगळे तुम्हाला जपतात, मला माहीत आहे. त्यांनी काही करू दिलं नसेल तर तसं सांगा. माझ्यापासून लपवू नका."

काकांनी फोन ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. आयुष्यात त्यांना कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं. आता मनगटावरचं एवढंसं यंत्र म्हणत होतं, आणि लेकीला ते खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराशे. तिसऱ्या दिवशी आठशे साठ. काकांनी मग आपल्या स्वभावाला धरून उपाय शोधला. आकडा कमी पडतो ना, मग भरून काढायचा. ड्यूटी संपली की घरी जाऊन ते चपला बदलत आणि बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारत. हात जोरात हलवला की आकडा भराभर वाढतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा ते हात खांद्यापर्यंत उचलून, सैनिकासारखे चालत. शेजारचे लोक गॅलरीतून बघायचे.

"काय काका, परेडची तयारी का?" तळमजल्यावरचा न्हावी दुकानाच्या दारातून ओरडायचा.

"हो, तुला सलामी द्यायला येतोय!"

बायकोला मात्र हसू येत नव्हतं. रात्रीच्या जेवणाला बसलं की काकांचे डोळे मिटू लागत. घोटे सुजून मोज्यांचे वळ उठत.

"अहो, हे चालणं तुमच्यासाठी आहे की घड्याळासाठी?" एकदा ती म्हणाली.

"महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"महिना संपेपर्यंत तुम्ही राहायला हवंत ना!" म्हणून ती ताट उचलून आत गेली. काका उठले आणि उरलेली चारशे पावलं त्यांनी स्वयंपाकघर ते दार अशी पुरी केली.

इस्पितळात ही गोष्ट गेटवरच्या पहारेकऱ्याला कळली. तो म्हणाला, "काका, घड्याळ माझ्या हातात द्या. मी दिवसभर फेऱ्याच मारतो. संध्याकाळी सात हजार तयार."

"आणि डॉक्टर सही कुणाच्या कागदावर करतील, तुझ्या?"

"तुमचं भलं करायला गेलो तर..." पहारेकरी पुटपुटला, पण पुन्हा त्याने विषय काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात हाडांच्या वॉर्डात एक आजी आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज सकाळी काका त्यांना व्यायामाच्या खोलीत नेत. आजींची जीभ कात्रीसारखी.

"तू रे का असा मरगळलेला? पेशंट मी आहे की तू?"

काकांनी चालता चालता घड्याळाचं रडगाणं सांगितलं. आजींनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग समोर बघूनच म्हणाल्या, "थांब. आता किती आकडा आहे ते बघ. लक्षात ठेव. आता चल."

त्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी पुन्हा खुर्ची थांबवली. "बघ."

काकांनी बघितलं. आकडा होता तिथेच होता.

"हात कुठे आहेत तुझे?"

"खुर्चीच्या मुठीवर."

"मग? हात हललाच नाही, तर त्या बिचाऱ्या घड्याळाला कसं कळणार तू चाललास ते? माझ्या नातवाने एकदा हौसेने माझ्या हातात त्याचं घड्याळ बांधलं. दिवसभर पाय मारून चार फ्रॉक शिवले मी. आणि ते मेलं मला सांगतंय, आता उठा, जरा हालचाल करा! काम पायाचं आणि घड्याळ हाताला. अरे बाबा, पायाला बांध."

काका तिथेच उभे राहिले. तीन आठवडे पाय सुजवून घेतले, पण एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. सुचणार तरी कशी? खुर्ची सोडून चालायची त्यांना सवयच नव्हती. पेशंटला उतरवून परत येतानाही रिकामी खुर्ची त्यांच्या हातात असायचीच.

घोट्याला पट्टा पुरेना, तेव्हा त्यांनी घड्याळ मोज्यात खोचलं. जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून मोजा खाली केला आणि आकडा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. सहा हजार आठशे. जमलं! पण ड्यूटी संपताना पुन्हा बघितलं, तर तेरा हजार चारशे. आठाच्या वर जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि गेले तीन आठवडे रोज हे तेरा, वर संध्याकाळची परेड.

फोन वाजलाच.

"बाबा, घड्याळ कुणाला दिलंत?"

"काय?"

"काल इस्पितळात हजार आणि आज तेरा हजार? त्या दिवशी पहारेकरीकाका मागत होते म्हणालात, त्यांनाच ना? बाबा, माझ्याशी खोटं बोललात तरी चालेल, पण डॉक्टरांशी नको."

काकांना इतकं लागलं की ते एवढंच म्हणाले, "तू ये. माझ्याबरोबर एक दिवस चाल."

लेक शनिवारी खरंच आली. काकांनी मोठ्या सिस्टरबाईंची परवानगी काढली होती. सकाळी आठला ती उत्साहाने निघाली. वॉर्ड, एक्स-रे, वॉर्ड, सोनोग्राफी, रक्त, वॉर्ड. दहा वाजता तिने बुटांची लेस सैल केली. साडेअकराला काका एका पेशंटला पलंगावर ठेवून बाहेर येतात तो काय, रिकाम्या खुर्चीत लेक बसलेली.

"उठ, ती पेशंटसाठी आहे."

"मी पेशंटच आहे आता," ती म्हणाली. मग हळूच, "बाबा, तुम्ही रोज एवढं चालता?"

"एकतीस वर्षं."

"आणि मी तुम्हाला बसून होतात का, म्हटलं."

चहाला खाली जायच्या निमित्ताने काकांनी खुर्ची वळवली, पाठमोरे लिफ्टमध्ये शिरले आणि लेकीला आत ओढून घेतलं. दार बंद होताना तिचं तोंड दाराकडे होतं. "म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही," ते मागून म्हणाले.

महिना संपला तेव्हा काकांपुढे दोन वाटा होत्या. पहिल्या तीन आठवड्यांत संध्याकाळची परेड धरून मनगटाचे आकडे रोज सहा हजारांच्या आसपास भरले होते, नेमके हवे तसे. तेवढेच पुढे केले असते, तर सही पक्की होती. मोज्यातले आकडे दाखवले, तर खिडकी. काकांनी आदल्या दिवशी खिडकीसमोरून दोनदा येरझारा घातल्या. मग डॉक्टरांपुढे बसून त्यांनी दोन्ही आकडे सांगितले, सुजलेल्या घोट्यांसकट.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी आठ म्हणत होतो आणि तुम्ही अठरा करत होतात?"

"घड्याळ हाताला होतं, साहेब."

"नशीब समजा. मशीनवर चालवून बघू आधी."

तपासण्या झाल्या. छातीचं चित्र बरं आलं. डॉक्टरांनी कागद ओढला आणि स्ट्रेचरपुढे आडवी रेघ मारली, कायमची. खालच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं, व्हीलचेअर चालेल, दिवसाला आठ हजार पावलं, त्यापुढे बसून काम.

"मोज्यातली आठ हजार, काका. आठ झाली की घड्याळ थरथरेल, तसं लावून घ्या लेकीकडून. थरथरलं की खिडकी. संध्याकाळची परेड बंद."

अर्धा दिवस खुर्ची, अर्धा दिवस खिडकी. स्ट्रेचर गेलं याचं काकांना वाईट वाटलंच. पण स्ट्रेचरवरचा माणूस छताकडे बघत असतो, आणि खुर्चीतला बोलतो. त्यांचा तो बोलणारा माणूस त्यांच्याकडेच राहिला होता.

पुढच्या आठवड्यात शिवणकामवाल्या आजींना घरी सोडलं. काकाच त्यांना खाली घेऊन निघाले. कॉरिडॉरच्या मध्यावर त्यांच्या मोज्यात काहीतरी गुरगुरलं.

"काय वाजतंय रे?"

"घड्याळ, आजी. आठ हजार झाली. आता बसा म्हणतंय."

"मग मला काय इथेच ठेवणार?"

"तुम्हाला गेटपर्यंत पोचवतो आणि मग जातो खिडकीत," काका म्हणाले. "जरा सांभाळा हं, पुढे सांधा आहे."