नंबर तोच ना?

या शहरातली निम्मी माणसं नोकरीला लागली ती शिक्षणामुळे नव्हे, तर माझ्या मैत्रिणीच्या मामांमुळे, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्यांना मामा अजून भेटायचे आहेत. पडेगावात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दर सोमवारी ते त्याला कुलूप लावतात आणि सरकारी रोजगार कार्यालयाबाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. तिथं ना त्यांची नेमणूक, ना पगार. तरी नावनोंदणी कुठल्या खिडकीवर होते, मेळावा कधी आहे, मुलाखतीची तालीम कोण घेतं, हे आतल्या साहेबांच्या आधी मामांना ठाऊक असतं. नमस्काराऐवजी ते विचारतात, "नंबर तोच ना?" एका लग्नात सासरी निघालेल्या रडत्या नवरीलाही त्यांनी थांबवलं होतं. "पोरी, तुझा पत्ता बदलला. रोजगार कार्यालयात कळव बरं!" रडणारी नवरी हसली, वरमाय मात्र वर्षभर मामांशी बोलली नाही.

मी तेव्हा दोन वर्षं बेकार होते आणि पत्रकं काढत होते. बेकारीविरुद्धच्या एका पत्रकावर स्वतःचा नंबर छापला, मग फोनवर शिव्या खाऊन कंटाळले आणि सिम मोडून टाकलं. गुलमंडीवर मामांनी मला गाठलं. नंबर बदललाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"नोंदणीत जुनाच हाय व्हय?"

"असू द्या हो मामा. सरकारचं फुकटचं, कोण बोलावतंय?"

मामा भर बाजारात कडाडले. "फुकट नाय, हक्काचं! दुनियेच्या हक्काची पत्रकं वाटतीस अन् स्वतःचा हक्क कचऱ्यात टाकतीस?"

दोन कापड दुकानदार बाहेर आले. एवढं खरं माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. मी मुकाट्यानं मामांच्या सायकलमागे चालत गेले आणि खिडकीवर नंबर बदलून घेतला. त्यांनी बाकावर माझ्या मुलाखतीची तालीमही घेतली. "काय येतं?" या प्रश्नावर मी व्यवस्थेवर भाषण सुरू केलं, तर म्हणाले, "लई छान. आता काय येतं ते सांग."

आठव्या दिवशी फोन आला. वाळूजच्या कारखान्यात कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना सोप्या मराठीत लिहायच्या होत्या. म्हणजे पत्रकंच, फक्त आता ती वाचून माणसांचे हात शाबूत राहतात.

मग मैत्रिणीनं सांगितलं. तरुणपणी मामांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, पण अजिंठ्याच्या जुन्या पत्त्यावर. ते पाकीट हाती पडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

नंबर बदलल्यापासून दर रविवारी मामा मला फोन करायचे. "वाजतो ना? बास." एवढं बोलून ठेवून द्यायचे. गेल्या रविवारी फोन आला नाही, म्हणून मीच लावला. बराच वेळ वाजला.

"मामा, नंबर तोच ना?"

मामा खोकत म्हणाले, "तोच हाय पोरी, इतकी वर्षं तोच हाय. पण वाजतो का बघायला फोन केलेली तू पहिलीच."