फोटोतल्या इतर महिला

ओमानमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत एक फोटो छापला होता. खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळ्यांची नावं आणि शेवटी ‘व इतर महिला’. त्या इतर महिलांत मी होते. मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला मी, जागेसाठी भांडले मी. रुवीत घरच्या डब्यांवर धंदा उभा केलेली बाई, हक्काचं सोडायची सवय नाही. ती स्मरणिका मी जपून ठेवली होती. राग ताजा ठेवायला बरी पडते.

म्हणून माबेल्यातल्या माझ्या घराशेजारची मुलगी जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोची प्रत घेऊन आली तेव्हा माझं डोकं लगेच तापलं. फोटोत पाच काळ्या बायका शाळेच्या फाटकापुढे बसलेल्या, बाजूला एक पाहुणा उभा. खाली पाहुण्याचं लांबलचक नाव आणि पुढे ‘व स्थानिक महिला’.

“उजवीकडची माझी आजी, आंटी,” ती म्हणाली.

ती अल खौदच्या विद्यापीठात इतिहास शिकत होती. झांझिबारहून ओमानला आलेल्या या बायकांनी मोठ्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग मागितला होता, एवढंच तिला कागदांतून कळलं होतं. आता विद्यापीठात प्रदर्शन होतं. नावं मिळाली नाहीत तर फोटो तसाच लागणार होता. आणि आजी रेकॉर्डर दिसला की म्हणायची, “सगळ्यांनी मिळून केलं. खलास.”

आजीला सगळे बीबी म्हणत. तिचं हिंदी सिनेमातलं, माझं बाजारातलं, आमचं छान जमायचं. बाजारात मालाचं मोल विचारून कळत नाही. भाव अगदी पाडून सांगायचा, मग दुकानदार आपणच मालाची कुळकथा उघडतो.

“बीबी,” त्यांच्याकडे जेवायला बसल्यावर मी म्हटलं, “तो वर्ग त्या पाहुण्याने सुरू केला ना? भला माणूस. तुम्ही फोटोपुरत्या आलात, चहा प्यायलात, घरी गेलात.”

बीबीचा घास हातातच राहिला. “चहा? अगं गाढवे, चहा आमचा होता! फाटकापुढे चूल मांडली होती आम्ही!”

तिने फोन उचलला आणि पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं, “ये लवकर! एक हिंदी बाई आपल्याला खोटं पाडतेय!”

मैत्रीण धापा टाकत आली. फोटोत डावीकडे बसलेली तीच.

“फाटकापुढे पहिली मी बसले,” बीबी म्हणाली.

“बसलीस कारण तुझी चप्पल तुटली होती!”

“आणि तू? मास्तर म्हणाला, आफ्रिकेतून आलात, धड अरबी येत नाही, तर तू रडायला लागलीस!”

“रडले नाही. त्याला म्हटलं, येत नाही म्हणूनच शाळेची किल्ली दे. दुपारी शाळा रिकामीच असते. पहिलं तुझं नाव लिहायला शिकेन आणि त्यावर काट मारीन!”

दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पाची नावं आली, कोणी काय रांधलं तेही आलं. नात रेकॉर्डर धरून रडतही होती, हसतही होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर मीही गेले. पाट्या लावणारा साहेब म्हणाला, “जागा नाही. दोन नावं पुरे.”

“ठीक. मग फोटोतही दोघीच ठेवा. कात्री आहे, की मी आणू?”

त्याने पाटीवर फुटपट्टी ठेवली. “तीन?”

“सहा.”

“फोटोत पाचच आहेत, मॅडम!”

“बरं, पाच. तुमच्या शब्दाला मान दिला.”

प्रदर्शनात बीबीने स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, मग उरलेली चार मोठ्याने वाचली. स्वतः वाचली. येताना दोघी म्हाताऱ्या माझ्या गाडीत मागे बसून गात होत्या. एकदम बीबीने माझ्या खांद्यावर चापट मारली.

“तुझ्या फोटोचं काय?”

“कुठला फोटो?”

“रोज ज्याला शिव्या घालतेस तो. तुझ्या मंडळाचा सचिव राहतो कुठे?”

“रुवीत. का?”

“यल्ला, वळव गाडी. त्याच्या दारात बसू. चूल मी आणते.”