सासूबाई अल्पाका बघायला येतात

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नवऱ्याला अमेरिकेत ट्रॉयमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मीही जनावरांच्या डॉक्टरची डिग्री घेऊन त्याच्या मागोमाग आले. इथली परीक्षा दिल्याशिवाय त्या डिग्रीचा उपयोग पोळ्या गुंडाळण्यापुरताच होता. घरात बसून वेड लागायची वेळ आली, तेव्हा तासाभरावरच्या एका फार्मवर मी शनिवारी फुकट राबायला जाऊ लागले.

फार्मची मालकीण रिटायर्ड शाळामास्तरीण होती. तिने दक्षिण अमेरिकेतून आलेले पाच अल्पाका घेतले होते. हा प्राणी तेव्हा अमेरिकेतही नवा. मी इंडियाची आणि व्हेट, म्हणजे मला उंटाचं कळणार आणि अल्पाका तर उंटाचाच भाऊबंद, असा तिचा हिशोब. मी गिरगावात वाढलेली. उंट पाहिला होता तो चौपाटीवर.

पण जनावर मला आवडलं. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, सगळे मिळून एकाच ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात, वर्षातून एकदा लोकर कातरून घेतात आणि दिवसभर ‘हंऽऽ’ करत गुणगुणतात. एकटा ठेवला तर खंगतो. माझीच केस.

त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. रोज चहाबरोबर एकच प्रश्न, “काही विशेष?” लग्नाला चार वर्षं झाली होती आणि विशेष काही नव्हतं. इथल्या मराठी मंडळातल्या काकूही आता त्यांच्या बाजूने झाल्या होत्या. शेवटी एका शनिवारी मी सासूबाईंना फार्मवर यायचं निमंत्रण दिलं. नवरा म्हणाला, आईला कशाला यार, कॅन्सल कर. पण त्या नऊवारी नेसून गाडीत बसल्यासुद्धा.

त्या दिवशी एक मादी गाभण आहे का, याची तपासणी होती. मशीन वगैरे काही नाही. नराला तिच्यासमोर आणायचं. गाभण नसेल तर मादी बहुधा निमूट खाली बसते. गाभण असली तर त्याला जवळ उभंच करत नाही, थुंकते. सासूबाईंना हे सांगताना मला जरा लाजल्यासारखं झालं. त्यांनी चेहरा अगदी देवळात असल्यासारखा ठेवला.

नर ऐटीत आत आला. मादीने कान मागे टाकले, मान ताणली आणि पोटातलं हिरवं, आंबलेलं गवत त्याच्या तोंडावर मारलं. थोडंसं कुंपणालगत उभ्या सासूबाईंच्या पदरावरही आलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. मालकीण माफी मागत टॉवेल आणायला धावली. मी आता काय ऐकावं लागणार म्हणून उभी राहिले.

सासूबाई मादीकडे बघत होत्या.

“हिचं बरंय,” त्या म्हणाल्या. “मला सात वर्षं मूल नव्हतं. माझ्या सासूबाई रोज विचारायच्या. मला पण असंच थुंकावंसं वाटायचं.”

चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या मुलानेसुद्धा नाही. टॉवेल आला तेव्हा त्यांचा पदर मीच पुसला.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यांनी विचारलं, ते अल्पाका पावसात कुठे बसतात. पुढे परत जाईपर्यंत त्या दर शनिवारी आल्या. अल्पाकाच्या लेंड्या न कुजवताही झाडांना चालतात हे कळल्यावर त्यांनी डिकीतून पिशव्या भरून आणल्या आणि बाल्कनीत मेथी लावली. त्या डिकीत ऑफिसचे साहेब एकदा बॅग ठेवणार होते, पण तो नवऱ्याचा प्रश्न.

मादी पुढच्या वर्षी साडेअकरा महिने भरल्यावर व्याली, सकाळी दहाच्या सुमारास. मला फक्त बघत उभं राहावं लागलं. पिल्लू तासाभरात आपल्या चार काड्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. त्या आठवड्यात मी परीक्षेचा फॉर्म मागवला. पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. मुलगी त्यानंतर तीन वर्षांनी झाली, आणि तोवर मला कुणी विचारलं नाही.